नव्या पिकअपच्या सस्पेन्शनमधील अनोळखी आवाजाचा शोध कसा घ्यावा

नवी पिकअप घरी येते, पहिले हजार किलोमीटर निर्वेध पार पडतात आणि एके सकाळी सोसायटीच्या फाटकाजवळच्या गतिरोधकावरून उतरताना खालून ‘टक’ असा आवाज येतो. गाडी नवी असल्यामुळे हा आवाज अधिक बोचतो, कारण जुन्या गाडीत झिजलेल्या एखाद्या भागाकडे बोट दाखवता येते, नव्या गाडीत मात्र झिजण्याइतका काळच गेलेला नसतो. माझ्या गाडीतला असा आवाज शोधायला मला सात आठवडे लागले आणि त्यांपैकी पाच आठवडे केवळ चुकीच्या क्रमाने शोध घेतल्यामुळे वाया गेले. पुण्यात राहून सुट्टीच्या दिवशी मुळशी, वेल्हे, पानशेत या बाजूंना कच्च्या वाटांवर गाडी नेणाऱ्या आणि गाडीखाली स्वतः डोकावून पाहण्याची आवड असणाऱ्या वाचकांना योग्य क्रम हाती लागावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी रचना लक्षात घ्यावी

भारतात मिळणाऱ्या टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांसारख्या पिकअपमध्ये शिडीच्या आकाराच्या चासीवर केबिन आणि हौदा हे दोन भाग स्वतंत्रपणे बसवलेले असतात. पुढचे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन विशबोनांवर, म्हणजे चासीला जोडलेल्या त्रिकोणी दुभुज दांड्यांवर, टांगलेले असते आणि त्याला कॉइल स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बर यांचा आधार असतो. मागे मात्र अखंड अॅक्सल असतो व तो पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीवर, यू-बोल्टांनी आवळलेला असतो. पाट्याचे पुढचे टोक चासीला थेट जोडलेले असते आणि मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यातून जोडलेले असते, कारण वजन आल्यावर कमान सपाट होते, तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा लागते.

या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की पाटे अर्धा टन किंवा त्याहून अधिक ओझ्यासाठी घडवलेले असल्यामुळे रिकाम्या हौद्याने चालणारी पिकअप मागून ताठ राहते, लहान खड्ड्यांवर उसळते, आणि जे भाग ओझ्याखाली एकमेकांना घट्ट भिडायला हवेत ते रिकामेपणी किंचित सुटे राहतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने जातो, हवेतून तो जेमतेम ३४० मीटर जातो. त्यामुळे हौद्याखाली झालेली टकटक चासीच्या लांबच लांब दांड्यांतून पुढे येते आणि केबिनच्या रबरी आधारापाशी, चालकाच्या पायाखाली, जणू तिथेच उगम पावल्यासारखी ऐकू येते. आवाज कुठून येतो याविषयी कानाने दिलेली साक्ष म्हणूनच कच्ची समजावी. आवाज केव्हा येतो याविषयीची साक्ष मात्र पक्की असते, आणि सगळा शोध तिच्यावरच उभारायचा असतो.

आवाजाला नाव द्यावे आणि वही ठेवावी

मराठीत आवाजांसाठी इतके शब्द आहेत की या कामी आपल्याला कोणत्याही परक्या परिभाषेची गरज पडू नये. ‘कुरकुर’ किंवा ‘करकर’ हा आवाज बहुधा रबराचा असतो. बुश, म्हणजे दोन भागांच्या सांध्यात बसवलेले रबरी अस्तर, पिळला जातो, आतल्या नळीवर घसरतो किंवा कोरडा पडतो, तेव्हा तो येतो. ‘टक’ हा एकेरी, कोरडा आवाज दोन घट्ट भागांमध्ये केसाएवढी मोकळीक राहिल्याचे सांगतो, आणि स्टॅबिलायझर बारच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचा कल रोखणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक, बॉल जॉइंट, शॉक अॅब्सॉर्बरच्या टोकाचे नट, सैल राहिलेला बोल्ट ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. ‘धप्प’ असा जड आवाज सस्पेन्शन आपल्या मर्यादेपर्यंत जाऊन रबरी थांब्यावर आदळल्याचा असतो आणि मोठ्या खड्ड्यात तो येणे हा दोष नव्हे. ‘खुळखुळ’ बहुतेक वेळा सस्पेन्शनची नसतेच. ती सुट्या वस्तूंची, ब्रेक पॅडची किंवा सायलेन्सरवरच्या पत्र्याची असते. ‘खरखर’ चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढत असेल, तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकल्याचा संशय घ्यावा. ‘घरघर’ वेगाबरोबर वाढत असेल आणि वळणावर कमी-जास्त होत असेल, तर लक्ष बेअरिंगकडे वळवावे.

हे शब्द नेमकेपणाने वापरण्याचा आग्रह मी धरतो त्याला कारण आहे. माझ्या गाडीत आरंभी फक्त ‘टक’ होती. तिसऱ्या आठवड्यानंतर तिच्या जोडीला थंड सकाळी ‘कर्र’ असाही आवाज येऊ लागला, पण मी घरी, मित्रांना आणि कार्यशाळेत प्रत्येक वेळी “तोच आवाज अजून येतो” एवढेच सांगत राहिलो. दोन वेगवेगळ्या कारणांचे दोन आवाज मी एकाच नावाखाली बांधले होते, म्हणून एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू होईना आणि कोणताच तर्क शेवटपर्यंत टिकेना.

म्हणून गाडीत एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक नोंदीत पाच बाबी लिहाव्यात: आवाजाचे नाव, गाडीचा वेग, रस्त्याचा प्रकार, त्या क्षणी पाय ब्रेकवर होता की क्लचवर की अॅक्सिलरेटरवर, आणि हवा थंड, उष्ण की ओली. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ३० च्या आसपास पोहोचतो. थंडीत रबर ताठरते, त्यामुळे सकाळी येणारा आणि दुपारी नाहीसा होणारा आवाज रबरी भागाचा असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. धातूला धातू लागून होणारी टकटक तापमानाला फारशी जुमानत नाही. पंधरवड्याच्या नोंदी एकत्र वाचल्या की ही विभागणी आपोआप डोळ्यांपुढे येते.

जे आवाज दोषाचे नसतात

नव्या पिकअपचे काही आवाज तिच्या घडणीचे असतात. इंजिन सुरू करून गाडी प्रथमच हलल्यावर अत्यल्प वेगात एकदाच येणारी ‘कट-घुर्र’ बहुधा ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या स्वतःच्या तपासणीची असते. गाडी बंद केल्यावर येणारी बारीक टिकटिक सायलेन्सरचा पत्रा निवताना होते. चारचाकी चालन लावलेले असताना कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी पूर्ण वळवली, तर ती अडखळते आणि खालून धक्के देते. ज्या गाड्यांत पुढच्या व मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसते त्यांत वळताना पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावून घेणारे काहीच नसते, त्यामुळे हे होणारच. हा आवाज सस्पेन्शनचा समजून महिनाभर शोधण्यापेक्षा कोरड्या डांबरावर गाडी दोन चाकांच्या चालनात चालवावी.

सिग्नलला थांबताना किंवा थांबून पुन्हा निघताना येणारा एकच ठोकाही सहसा सस्पेन्शनचा नसतो. मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमध्ये एक सरकता सांधा असतो, त्याच्या दात्यांवरचे ग्रीस कमी झाले की तो अडकत-सुटत सरकतो आणि तसा ठोका देतो. सांध्यावर ग्रीस निपल असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस भरल्यावर फरक त्याच दिवशी कळतो. ओढे ओलांडणाऱ्या गाडीत हे काम दर पावसाळ्यानंतर करावे.

सर्वप्रथम गाडी रिकामी करावी

पाना हातात घेण्यापूर्वी केबिन आणि हौदा पूर्ण मोकळा करावा. मागच्या आसनाखालचा जॅक आणि त्याचा दांडा, दारातल्या बाटल्या, हातमोजांच्या कप्प्यातली नाणी, हौद्यातले दोर, हुक आणि हवा भरण्याचा पंप हे सारे घरात ठेवून द्यावे. फाळक्याची कडी हाताने हलवून पाहावी, कारण फाळका बंद असूनही दोन-तीन मिलिमीटर मागे-पुढे होत असेल, तर प्रत्येक खड्ड्यावर तो सस्पेन्शनसारखाच ठोका देतो. कडीपाशी जाड कापडाची घडी दाबून एक फेरी मारली की याचा निकाल लागतो. नंबर प्लेट, चिखलरोधक, पायरी आणि इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याचे बोल्ट हेही याच फेरीत पाहून घ्यावेत. बाहेरून बसवून घेतलेली प्रत्येक वस्तू संशयित धरावी.

आणि हौद्याखाली लटकलेली स्टेपनी विसरू नये. तिच्याकडे मी पाच आठवडे पाहिलेच नाही. पानशेतच्या वाटेवर एक चाक पंक्चर झाले होते. परतल्यावर दुरुस्त केलेले चाक गाडीला लावून स्टेपनी पुन्हा तिच्या जागी चढवली गेली, परंतु साखळीची गुंडाळी शेवटपर्यंत आवळली गेली नव्हती. डोळ्याला ती जागेवर बसलेली दिसत होती, मात्र दोन्ही हातांनी रेटल्यावर ती बोटभर झुलत होती आणि तिची रिम चासीच्या आडव्या दांडीला लागत होती. माझी ‘टक’ ती होती. जॅकच्या दांड्याने साखळी पूर्ण ओढून घेतल्यावर आणि आवळण्याच्या मर्यादेचा खटका ऐकू आल्यावर ती कायमची थांबली.

एकच गतिरोधक, एकच बदल

पुढचा टप्पा रस्त्यावरच्या चाचण्यांचा. वेगवेगळ्या रस्त्यांवर भटकून आवाज ऐकण्यापेक्षा घराजवळचा एकच गतिरोधक निवडावा आणि सर्व चाचण्या त्याच्यावरच, रहदारी नसताना, घ्याव्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता येतो. सोसायट्यांच्या आत बसवलेले रबरी किंवा सिमेंटचे उंचवटे याहून कितीतरी अरुंद आणि तीव्र असतात. आपल्या कामाला असा अरुंद उंचवटाच अधिक उपयोगी पडतो, कारण पुढची चाके आणि मागची चाके त्याच्यावर स्पष्टपणे वेगवेगळ्या क्षणी चढतात आणि आवाज कोणत्या क्षणी आला हे निःसंशय सांगता येते.

ताशी १० किलोमीटर वेगाने, खिडक्या उघड्या आणि पंखा व रेडिओ बंद ठेवून, प्रथम सरळ जावे. नंतर केवळ डावी चाके उंचवट्यावरून आणि उजवी बाजूच्या मोकळ्या जागेतून न्यावीत, मग उलट करावे. दोन्ही चाके एकत्र चढताना आवाज येत नसेल आणि एकच चाक चढताना येत असेल, तर संशय स्टॅबिलायझर बारवर घ्यावा, कारण दोन्ही बाजू सारख्याच उचलल्या गेल्या तर हा बार नुसता फिरतो आणि एक बाजू उचलली गेली तरच पिळला जातो. हीच चाचणी ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून पुन्हा करावी. आवाज त्या स्पर्शाने थांबला तर ते ब्रेक पॅडचे खुळखुळणे आहे आणि सस्पेन्शन खोलण्याचे कारण उरत नाही. उंचवटा येण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन सोडली आणि आवाज नाहीसा झाला, तर शोधाची दिशा इंजिनाच्या आधारांकडे व प्रोपेलर शाफ्टकडे वळवावी.

ओझ्याची चाचणी ही पिकअपची खास चाचणी आहे आणि ती कधीही वगळू नये. पन्नास किलोची चार पोती हौद्यात मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर, घसरणार नाहीत अशी बांधून ठेवावीत आणि तोच उंचवटा पुन्हा ओलांडावा. दोनशे किलोंनी मागची टकटक थांबली, तर रिकाम्या गाडीत पाट्यांचे थर एकमेकांवर आपटत आहेत, त्यांच्या टोकांमधली घर्षणरोधक पट्टी सरकली आहे किंवा थरांना बांधणारी पकड सैल आहे असा अर्थ निघतो. ओझ्याने आवाज वाढला, तर यू-बोल्ट, शॅकल आणि पुढच्या टोकाचा बुश तपासावा.

या सगळ्यात टायरचा दाब विसरू नये. कच्च्या वाटेसाठी उतरवलेली हवा पुन्हा भरायची राहिली, तर टायरच पुष्कळसे धक्के गिळतात आणि आवाज लपतो. उलट पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा पाच-सात पीएसआय जास्त हवा असेल, तर निर्दोष गाडीसुद्धा खडखडते. प्रत्येक चाचणीच्या दिवशी टायर थंड असताना दाब मोजून तो वहीत लिहावा. कोणत्याही दोन फेऱ्यांमध्ये एकच बदल करावा, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नये.

गाडी उभी करून करावयाची तपासणी

गाडीखाली जाण्यापूर्वी सुरक्षिततेविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. जमीन सपाट व पक्की असावी, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, चासीखाली वजन पेलणारे स्टँड द्यावेत आणि मदतीला दुसरा माणूस असावा. सुमारे दोन टन वजनाची ही गाडी आहे. कॉइल स्प्रिंग खोलण्याचे काम तर घरी मुळीच करू नये, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होते.

पहिली तपासणी गाडी चाकांवर उभी असतानाच होते. मदतनीसाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि आपण बाहेरून प्रथम पाहावे, नंतर हलत्या भागांपासून बोटे दूर राखून हाताचा तळवा स्प्रिंगच्या वरच्या आधारापाशी टेकवावा. सांध्यातला खटका कानाला कळण्याआधी तळव्याला कळतो. त्यानंतर मदतनीसाला मागच्या बंपरवर उभे राहून शरीराच्या वजनाने गाडी वर-खाली हलवायला सांगावे आणि आपण बाजूला बसून शॅकल, पाट्याची दोन्ही टोके आणि शॉक अॅब्सॉर्बरची टोके यांना आळीपाळीने हात लावून पाहावा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चासीला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून ऐकण्याची गॅरेजमधली जुनी रीतही येथे उपयोगी पडते, मात्र वर सांगितल्याप्रमाणे चासी आवाज वाहून नेते हे ध्यानात ठेवून दोन-तीन ठिकाणच्या आवाजाची तीव्रता ताडून पाहावी.

दुसरी तपासणी डोळ्यांची आहे आणि नव्या गाडीत ती फार फलदायी ठरते, कारण गाडी अजून स्वच्छ असते. बहुतेक महत्त्वाच्या बोल्टांवर कारखान्यात रंगाची आडवी रेघ ओढलेली असते. बोल्टवरची रेघ आणि शेजारच्या भागावरची रेघ जुळत नसेल, तर तो बोल्ट फिरला आहे किंवा कोणीतरी फिरवला आहे. दोन भागांच्या सांध्यातून तांबूस भुकटी बाहेर पडलेली असेल, तर तिथे सूक्ष्म हालचाल चालू आहे. रंग घासून चकाकणारा पट्टा, चिखलाच्या थरात एकाच जागी उमटलेली ताजी भेग, रबराच्या कडेला जमलेली काळी पावडर, या खुणा बोल्ट न सोडवता जागा दाखवतात. मुळशीच्या भातखाचरांकडचा चिकण चिखल वाळल्यावर गाडी धुण्याआधी एकदा खाली पाहावे असे मी नेहमी सुचवतो, कारण त्या वाळक्या थरात हालचालीची रेघ फार सुरेख उठते. ती पाहून झाल्यावर मात्र चासी, पाट्यांचे थर आणि डिस्कमागचे पत्रे कमी दाबाच्या पाण्याने निगुतीने धुवावेत.

पुढची चाके एकेक करून उचलावीत. चाक वर आणि खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आणि डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉडचे टोक किंवा स्टिअरिंग रॅक, असा प्राथमिक निष्कर्ष काढावा. स्टॅबिलायझर बारचा संशय असल्यास लिंकवर बोटे ठेवून मदतनीसाला गाडी हलवायला लावावी. दोन्ही लिंक सोडवून गाडी चालवून पाहण्याची रीत निर्णायक असली, तरी तशा गाडीचा कल वळणावर वाढतो. शिवाय वॉरंटीचा प्रश्न असतो, म्हणून ती चाचणी कार्यशाळेकडूनच करवून घ्यावी.

कुरकुरीसाठी साध्या पाण्याइतके चांगले साधन नाही. फवाऱ्याच्या बाटलीत स्वच्छ पाणी घेऊन एका वेळी एकाच बुशवर फवारावे, गाडी हलवावी आणि ऐकावे. आवाज थांबला किंवा बदलला तर बुश सापडला. नाही तर पाच मिनिटे थांबून पुढच्या बुशकडे जावे. पाणी वाळल्यावर आवाज परत येतो आणि त्यामुळे पुरावाही टिकून राहतो. याच्या नेमके उलट काम तेलाचे आहे. पावसाळ्यापूर्वी गाडीखाली डिझेल आणि जळके इंजिन ऑइल फवारून घेण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. खनिज तेलाने बहुतेक बुशांचे रबर फुगते आणि मऊ पडते, आवाज महिनाभर दबतो आणि मूळ कारण तसेच राहते. बुशला वंगण लावायचेच असेल तर ते रबराला चालणारे सिलिकोनचे असावे, आणि तेही निदान झाल्यानंतर.

बोल्ट कोणत्या स्थितीत आवळला

आता माझ्या दुसऱ्या आवाजाकडे येतो, कारण त्याचे कारण नव्या गाड्यांत वारंवार घडते आणि त्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. सस्पेन्शनमधल्या बहुतेक रबरी बुशांत आत एक धातूची नळी असते आणि बोल्ट आवळला की ती नळी कंसात घट्ट धरली जाते. भाग वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही. सभोवतालचे रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ स्थितीला येते. म्हणजे बोल्ट ज्या क्षणी आवळला जातो, त्या क्षणीची स्थिती ही त्या रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी लिफ्टवर असून चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच तो बुश पिळला जातो आणि उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलाच राहतो. मग प्रत्येक उंचवट्यावर त्याच्यावर ठरल्यापेक्षा जास्त पीळ पडतो, रबर नळीवर किंवा कंसावर घसरू लागते, थंडीत करकरते आणि मुदतीआधी फाटते. म्हणूनच असे बोल्ट लिफ्टवर केवळ हाताने बसवून, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर, ती दोन-चार वेळा हलवून स्थिरावल्यावरच टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, अंतिम आवळायचे असतात.

माझ्या गाडीची पहिली ‘टक’ शोधताना कार्यशाळेत मागच्या शॅकलचे बोल्ट काढून, साफ करून, पुन्हा बसवले होते, आणि ते काम सगळे लिफ्टवरच पूर्ण झाले होते. स्टेपनी सैल असल्यामुळे ‘टक’ थांबली नाही आणि पिळलेल्या बुशमुळे ‘कर्र’ सुरू झाली. वहीतल्या नोंदींवरून ती केवळ सकाळच्या पहिल्या दहा-बारा किलोमीटरांत, फक्त मागची चाके चढताना येते हे दिसले. पाण्याच्या चाचणीत डाव्या शॅकलचा वरचा बुश भिजताच ती थांबली. आणि त्याच बोल्टवरची कारखान्याची रंगरेघ तुटलेली होती. या तीन गोष्टी कागदावर मांडून मी पुन्हा गेलो तेव्हा कोणताही वाद झाला नाही. गाडी चाकांवर उभी ठेवून दोन्ही बाजूंचे शॅकलचे बोल्ट सैल केले, हौदा चार-पाच वेळा दाबून सोडला आणि पुस्तिकेत दिलेल्या मापाने ते आवळले. सगळे काम पाऊण तासाचे होते.

कार्यशाळेत तक्रार मांडताना

वॉरंटीतल्या गाडीत आवाज शोधणे आपले काम आणि बोल्ट खोलणे त्यांचे काम, ही सीमा पाळावी. जॉबकार्डवर “सस्पेन्शनमधून आवाज” असे मोघम लिहू देऊ नये. “थंड गाडी, ताशी १० किलोमीटर, केवळ मागचे डावे चाक गतिरोधकावर चढताना ‘कर्र’ असा एकच आवाज” असे लिहून घ्यावे आणि त्याची प्रत घ्यावी. आवाज सकाळी येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवावी, म्हणजे तंत्रज्ञाला ती थंड स्थितीत मिळते. त्याच्या शेजारी बसून स्वतः फेरी मारावी आणि आवाज आला की तत्क्षणी खूण करावी. या मॉडेलला असा आवाज असतोच, असे उत्तर मिळाल्यास तशाच दुसऱ्या गाडीतून तोच उंचवटा ओलांडून दाखवण्याची विनंती करावी. ती रास्त आहे आणि बहुधा मान्यही होते. उत्पादकाने त्या तक्रारीबाबत काही तांत्रिक सूचना काढली आहे का, हेही विचारावे. काम झाल्यावर कोणते बोल्ट सोडवले, ते कोणत्या स्थितीत आणि किती टॉर्कने आवळले, हे लिहून मागावे.

दुरुस्तीनंतरची खात्री त्याच गतिरोधकावर, त्याच वेगाने, तितक्याच दाबाच्या टायरवर आणि जमल्यास तितक्याच थंड सकाळी करावी, कारण दुपारी शांत वाटलेली गाडी पहाटे पुन्हा बोलू शकते. मी सलग चार सकाळी ती चाचणी घेतली. पाचव्या दिवशी सिंहगडाच्या घाटात जाऊन आलो, दोनशे किलो ओझे घालून पुन्हा एकदा गेलो, आणि ५०० किलोमीटर झाल्यावर सोडवलेला प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने तपासून त्याच्यावर पिवळ्या रंगाची नवी रेघ ओढून घेतली.